साडेपाच तासांवरचा नवरा

तिचा नवरा वेल्डर होता आणि तो साडेपाच तासांवर राहायचा. किती किलोमीटर, हे घरात कुणालाच धड सांगता आलं नसतं. मध्ये बराच समुद्र होता, थोडी परकी जमीन होती, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर ते बंदराचं शहर होतं. पण घरात अंतर वेळेतच मोजायचे. विमान इथून उडालं की साडेपाच तासांनी तिथे टेकायचं, म्हणून नवरा साडेपाच तासांवर. लेक बालवाडीत असताना बाईंनी विचारलं होतं, "तुझे बाबा कुठे असतात गं?" ती म्हणाली, "साडेपाच तासांवर." बाईंना वाटलं, बाबा दर आठवड्याला घरी येत असणार.

बाबा दोन वर्षांतून एकदा यायचे, सहा आठवडे राहायचे आणि जायचे. तिकडे मोठी गोदी होती. जहाजांच्या पोटात, जिथे माणसाला सरळ उभंही राहता येत नाही, तिथे वाकून, आडवं पडून लोखंडाला लोखंड जोडायचं, हे त्याचं काम. हात इतका साफ, की नव्या पोरांना मुकादम त्याचा जोड बोट फिरवून बघायला लावायचा.

ती इकडे राहत्या इमारतीच्याच जिन्याखाली दुकान चालवायची. दुकान कसलं, मशीन, एक स्टूल आणि टांगायला खिळे. नवे कपडे ती शिवत नसे. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, उसवलेलं सांधणं आणि मुख्य म्हणजे चेन बदलणं. म्हणून गल्लीत तिला सगळे चेनवाल्या काकी म्हणत. नवीन राहायला आलेली एक बाई एकदा सोन्याचा भाव विचारायला आली होती. काकी तोंडातली टाचणी न काढता म्हणाल्या, "आमच्याकडे पितळेच्याच मिळतात, आणि त्याही अडकतात."

असा त्यांचा संसार. वाईट नव्हता. नवरा दूर असला की बाईला जी एक स्वतःची शिस्त लागते, ती तिला लागली होती. चहा एका कपाचा, पलंगाची खिडकीकडची बाजू तिची, रेडिओ तिच्या मनाचा. तो आला की पहिले आठ दिवस दोघं एकमेकांना धडकत, मग जरा बसतंय न बसतंय तोवर त्याची बॅग भरायला घ्यायची.

मागच्या सुट्टीत तो जिना चढताना मधेच थांबला होता. रस्त्याकडे बघत म्हणाला, "हे औषधांचं दुकान नवीन झालं का?" ते दुकान जुनंच होतं. ती पिशव्या घेऊन वरच्या पायरीवर उभी होती, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो धापा टाकत नाहीये असं तिने स्वतःला सांगितलं. खोकला होताच. विचारलं की म्हणायचा, "लोखंडाची धूळ आहे. निघते हळूहळू."

धूळ काही निघाली नाही. एके दिवशी भर दुपारी, ती कुणाच्या तरी जाकिटाची चेन उसवत असताना फोन वाजला. पलीकडे नवऱ्याचा खोलीतला सोबती होता. गोदीत जहाजं रंगवायचा. उंचीमुळे त्याला सगळे लंबू म्हणत. एरवी लंबू फोनवर आधी दोन विनोद करायचा. आज म्हणाला, "वहिनी, बसलेल्या आहात ना?"

तिने जाकीट बाजूला ठेवलं. "बोला."

"दादाला दवाखान्यात ठेवलंय. जहाजाच्या तळात होता, वर येताना शिडीवरच बसला. श्वासच लागेना. आता नळी लावलीय, बोलतोय. पण तुम्ही या, वहिनी. लवकर या."

ती त्याआधी कधी विमानात बसली नव्हती. कागदपत्रं होईपर्यंत नाकी नऊ आले. लेक औषधांच्या गोदामात कामाला होती, तिने सगळी धावपळ केली. धाकटा दीर विमानतळावर सोडायला आला. बॅग हातात देताना म्हणाला, "घाबरू नका वहिनी. साडेपाच तास काय, एक झोप काढलीत की पोचलात."

तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक पांढरं विमान मुंगीसारखं सरकत होतं. ती त्याच्याकडेच बघत बसली. हवाई प्रवास म्हणजे काहीतरी झटपट असेल असं तिला वाटायचं. हे तर सरकतच नव्हतं. समुद्र संपेना. मनात येत होतं, इतक्या वर्षांत हा माणूस किती वेळा इथून असाच गेला, असाच बसून, आणि आपण एकदाही विचारलं नाही की वाटेत काय करता हो.

लंबू घ्यायला आला होता. दवाखान्यात पाचव्या मजल्यावर लांबट खोलीत सहा खाटा होत्या. ती पहिल्या खाटेपाशी थांबली, दुसरीपाशी थांबली, आणि नवऱ्याला ओलांडून पुढे गेली. लंबूने मागून हाक मारली तेव्हा ती वळली. त्याच्या खांद्यांचा आकारच गेला होता. मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला उभ्या राहत होत्या. नाकात नळी, बोटाला चिमटा, आणि चिमट्याची वायर एका डब्यात, त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा लाल आकडा.

तो म्हणाला, "दुकान बंद ठेवून आलीस?"

"नाही. उघडं टाकून आले," ती म्हणाली. तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला इतका वेळ चालला की तिने परत त्याला हसवायचं नाही असं ठरवून टाकलं.

खोकला थांबल्यावर त्याने तिचं मनगट धरलं. "मला घरी ने," तो म्हणाला. "आधी घरी ने. बाकी सगळं नंतर."

छातीच्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या होत्या. लंबू त्यांचं बोलणं तिला समजावून सांगायचा. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. फुप्फुसं खालून वरपर्यंत जाळी धरल्यासारखी दिसत होती. धातूचा धूर वर्षानुवर्षं आत गेला, आतली कातडी जाड झाली, आता तिच्यातून हवा रक्तात जात नाही. हे परत पूर्वीसारखं होणार नाही. औषधांनी जरा आराम पडेल, इतकंच.

"किती दिवस?" तिने विचारलं.

लंबूने तो प्रश्न पुढे सांगितलाच नाही. डॉक्टरीणबाईंना तो तिच्या तोंडावरच कळला. त्या म्हणाल्या, "काही महिने. कदाचित कमी."

"मग घरी नेते."

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि विमानाची गोष्ट सांगितली. विमान वर गेलं की आतली हवा विरळ होते. तुम्हाला-आम्हाला ते कळतही नाही. पण ज्याला जमिनीवरच श्वास पुरत नाही, त्याला तिथे डोंगराच्या माथ्यावर नेऊन बसवल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला तशीच विरळ हवा मास्कमधून देऊन बघितली. लाल आकडा नव्वदवरून घसरत घसरत खाली गेला, त्याचे ओठ निळसर झाले, आणि तो मात्र बोटाने "ठीक आहे, ठीक आहे" अशी खूण करत राहिला. डॉक्टरीणबाईंनी मास्क ओढून काढला. मग तसाच प्रयोग नळीतून ऑक्सिजन देऊन केला. आकडा टिकला.

"म्हणजे ऑक्सिजन लावून जाता येईल," ती म्हणाली.

"येईल. पण तो ऑक्सिजन विमानात मिळणार कुठून?"

खांद्याला अडकवायच्या पिशवीएवढं एक मशीन असतं. आजूबाजूच्या हवेतूनच ते ऑक्सिजन गाळून देतं. ते विमानात नेता येतं. गोदीतल्या सोबत्यांनी इकडून तिकडून खटपट करून तसलं एक मशीन मिळवलं, सोबत दोन बॅटऱ्या. त्याला लागतो तेवढा जोर लावला तर एक बॅटरी तीन तास जायची. दोन बॅटऱ्या, सहा तास. विमान साडेपाच तासांचं. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिने त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

विमान कंपनीच्या काचेमागचा माणूस सभ्य होता. त्याने सगळं ऐकलं, मशीन उलटसुलट पाहिलं आणि मान हलवली. नियम असा होता, की प्रवासाचा जेवढा वेळ, त्याच्या दीडपट बॅटरी हातात पाहिजे. वाटेत उशीर झाला, विमान घिरट्या घालत राहिलं, तर माणूस हवेत गुदमरायला नको. साडेपाचाची दीडपट आठच्या वर जाते.

"तिसरी बॅटरी?" लंबूने विचारलं. ह्या जातीच्या मशीनची तिसरी बॅटरी शहरभर शोधूनही मिळाली नाही. मागवली तर महिना लागेल असं कळलं.

ती दुसऱ्या दिवशी परत त्या काचेसमोर गेली. तिसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी तिचा तोल गेला. लंबूला बाजूला सारून ती तिच्याच भाषेत बोलू लागली. "तुमच्याच विमानातून हा माणूस इतकी वर्षं आला नि गेला. तेव्हा तुम्ही नाही विचारलंत त्याच्या छातीत किती श्वास आहे ते. भरलेला आला, रिकामा झाला, आता न्यायची वेळ आली तर तुम्हाला नियम सुचतायत." काचेमागच्या माणसाला एक अक्षर कळलं नाही. त्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तिने तो प्यायला नाही. पायऱ्या उतरल्यावर लंबूने तिला हाताला धरून खाली बसवलं, तिथेच, लोक येत-जात असलेल्या फुटपाथवर.

"बोटीने नेऊ," ती म्हणाली.

"वहिनी, माणसांची बोट नाही या वाटेवर. मालाची आहे. तिला दोन आठवडे लागतात."

"मग चालत नेते."

लंबू तिच्याशेजारी फुटपाथवर बसला.

दवाखान्यात नवरा दर भेटीला एकच विचारायचा, "कधीचं आहे?" ती सांगायची, "बघतोय आपण." तो भिंतीकडे तोंड करायचा. त्याचं बोलणं आधीच कमी झालं होतं, श्वास वाचवायला. आता ते रागाने कमी झालं. नळी नाकातून काढून "बघ, मी बसू शकतो," म्हणून त्याने एकदा दाखवलं. मिनिटभर तो बसला. मग तिने आणि परिचारिकेने मिळून त्याला आडवं केलं. त्या दिवशी बाहेर येऊन ती दवाखान्याच्या धुण्याच्या खोलीत, चादरींच्या ढिगाआड, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली. आपला माणूस आपल्या डोळ्यांदेखत आहे आणि आपण त्याला साडेपाच तासांवर नेऊ शकत नाही, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. उचलून विमानात ठेवायचं आणि उतरवून घ्यायचं, एवढंच तर होतं.

वाट सुचली ती लंबूला, आणि तीही दाढी करता करता. तसाच अर्ध्या गालाला साबण असताना त्याने तिला फोन केला. "वहिनी, हे थेट विमान नंतर सुरू झालं. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मधल्या शहरात उतरून विमान बदलायला लागायचं. किती शिव्या द्यायचो आम्ही त्या थांब्याला. ते विमान अजून आहे."

मधलं शहर बरोबर अर्ध्या वाटेवर नव्हतं, पण जवळपास होतं. पहिला टप्पा तीन तासांच्या आत, दुसराही तेवढाच. तीनची दीडपट साडेचार. दोन बॅटऱ्यांत बसत होतं. मध्ये अर्धा दिवस थांबायचं, बॅटऱ्या भिंतीला लावून पुन्हा भरायच्या आणि पुढे निघायचं. डॉक्टरीणबाईंनी बराच विचार केला. "थेट विमानापेक्षा एकूण प्रवास लांबतो," त्या म्हणाल्या. "दोनदा चढणं, दोनदा उतरणं. त्यांचं शरीर थकेल. पण नियमात बसतं." त्यांनी सही केली. काचेमागच्या माणसाने, त्याच सभ्य माणसाने, शिक्का मारला आणि पुन्हा पाण्याचा पेला पुढे केला. या वेळी ती प्यायली.

निघायच्या दिवशी खोलीतले सगळे सोबती विमानतळावर आले होते. कामाच्याच कपड्यांत, कारण अर्धी सुट्टीच मिळाली होती. कुणी काही फार बोललं नाही. लंबूने चाकांची खुर्ची शेवटच्या दारापर्यंत ढकलली. नवरा म्हणाला, "माझा चहाचा मग तू घे." लंबू म्हणाला, "त्याला कान नाही." "म्हणूनच तुला देतोय," नवरा म्हणाला.

पहिला टप्पा नीट पार पडला. तिने मशीन मांडीवर घेतलं होतं आणि डोळे त्याच्या हिरव्या दिव्यावर. तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. तिने हळूच विचारलं, "इतक्या वेळा आलात गेलात, वाटेत काय करायचात?"

"जाताना झोपायचो," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "येताना नाही."

मधल्या शहराच्या विमानतळावर त्यांना एका कोपऱ्यात बसवलं. भिंतीतलं प्लगचं भोक सैल होतं. पिन आत राहायची नाही. तिने इकडे तिकडे दुसरं शोधलं, सगळीकडे लोकांचे फोन लावलेले. शेवटी ती जमिनीवर बसली आणि हाताने पिन दाबून धरून राहिली. हाताला मुंग्या आल्या की हात बदलायचा. आधी एक बॅटरी, मग दुसरी. दुपार अशी गेली.

दुसऱ्या विमानात त्यांना सगळ्यांच्या आधी चढवलं. दार बंद झालं, विमान धावपट्टीच्या दिशेने थोडं गेलं आणि थांबलं. काचेबाहेर आभाळ काळंभोर झालं होतं. वादळ पुढे सरकेपर्यंत उड्डाण नाही, असं सांगण्यात आलं. लोकांनी सुस्कारे सोडले, पाणी मागितलं, पोरं रडू लागली. मशीन चालूच होतं. जमिनीवर असो की आकाशात, ते बॅटरी खातच होतं.

अर्धा तास गेला. तास गेला. पहिली बॅटरी अर्ध्याच्या खाली आली. ती हिशेब करू लागली, आणि हिशेब जुळेना. आत्ता निघालं तर पुरेल. आणखी तासभर थांबलं तर उतरेपर्यंत जेमतेम. वर जाऊन घिरट्या घालायला लागलं तर नाही. बाहेर वीज चमकत होती.

नवऱ्याला तिचा चेहरा वाचता येत होता. त्याने तिचा हात धरला. "सांगू नकोस," तो म्हणाला.

"अहो, पण बॅटरी."

"सांगितलंस तर उतरवतील. गप्प बस. निघेल आत्ता."

ती गप्प बसली. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट वेळ होती, असं ती पुढे म्हणायची. त्याच्या मरणाचा दिवससुद्धा तितका वाईट नव्हता. उतरलो तर परत कधी चढू माहीत नाही. नाही उतरलो तर वर, ढगांत, हा आपल्या शेजारी पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडेल आणि आपण हातात मेलेलं मशीन घेऊन बघत बसू. देवाचं नाव घ्यायचंही तिला सुचलं नाही. तिने फक्त त्या दिव्याकडे पाहिलं. दिव्याचा रंग बदलून पिवळा झाला.

तिने वरचं बटण दाबलं. विमानातली मुलगी आली. तिला बॅटरी दाखवली, दोनच आहेत म्हणून दोन बोटं दाखवली, मग आभाळ दाखवलं. मुलीला कळलं. ती पुढे वैमानिकाकडे गेली आणि परत आली ती विमानातल्याच एका वरच्या अधिकाऱ्याला घेऊन. विमानात आणीबाणीचे ऑक्सिजनचे सिलिंडर होते, पण ते सगळ्यांसाठी होते आणि थोडा वेळ पुरणारे होते. त्यांच्या भरवशावर एका आजारी माणसाला नेणार नाही, असं वैमानिकाने सांगितलं. विमान वळून परत दारापाशी आलं. सगळे प्रवासी बघत होते. कुणीतरी जोरात काहीतरी बोललं, उशिराबद्दल असणार. चाकांची खुर्ची आली.

खुर्चीत बसवताना नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. दरवाज्यातून बाहेर आल्यावर म्हणाला, "तू मला इथंच मारणार."

तिने खुर्ची ढकलायची सोडली नाही.

संध्याकाळी त्याला ताप चढला. विमानतळावरच्या डॉक्टरांनी त्याला सरळ शहरातल्या दवाखान्यात हलवलं. तिथे ना लंबू होता, ना ओळखीची भाषा. परिचारिका खुणांनी बोलायच्या. झोप, खा, थांब, बाहेर जा. बाहेर जा ही खूण ती सगळ्यात आधी शिकली. लेकीला फोन लागला तेव्हा लेक रडवेली झाली. "आई, मी येते उद्याच."

"येऊ नकोस," ती म्हणाली. "तू आलीस तर तिघं अडकू. तू तिथेच राहा. कुणीतरी तिथे पाहिजे, जिथे पोचायचंय."

तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. तिने भात भरवला की तोंड उघडायचा, मिटायचा. ताप उतरत नव्हता, आणि तिला वाटू लागलं होतं की तो म्हणाला तेच खरं. ना तिकडे, ना इकडे, आपण याला मधेच आणून टाकलं. जिथे त्याचं जोडलेलं एक जहाज नाही की ओळखीचं एक माणूस नाही. खिडकीतून शेजारच्या इमारतीची सपाट भिंत दिसायची. तिच्या मनात एकदा असंही आलं की बॅटरी संपू दिली असती तर निदान तो घराच्या दिशेने तरी गेला असता. मग त्या विचाराचीच तिला भीती वाटली, आणि ती उठून उगाचच त्याचं पांघरूण सारखं करत राहिली.

चौथ्या दिवशी चाकांची खुर्ची ढकलणारा विमानतळावरचा कामगार, त्यांची राहिलेली एक पिशवी द्यायला दवाखान्यात आला. त्याला त्यांची भाषा थोडी थोडी येत होती. तो म्हणाला, ते विमान त्या दिवशी आणखी दीड तास उभं होतं. वर गेल्यावरही तिकडे उतरायला जागा मिळेना म्हणून फिरत राहिलं.

तिने ते नवऱ्याला सांगितलं. चार दिवस ती जे गिळून बसली होती ते सगळं तिच्या आवाजात होतं. त्याने डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाला, "बॅटरी टिकली असती."

"नसती टिकली."

"टिकली असती. तुला मशीनचं काय कळतं?"

"मी आयुष्यभर मशीनच चालवतेय."

त्याने डोळे उघडले. भांडायला का होईना, तो बोलला होता. तिने मऊ भाताचा चमचा पुढे केला आणि त्याने तो घेतला.

ताप उतरायला आणखी दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर पोचलं आणि वाटेत काहीही झालं नाही. इतक्या धास्तीनंतर काहीच न होणं तिला खरंच वाटेना. चाकं जमिनीला टेकली तेव्हा तो झोपलेला होता. तिने त्याला हलवून जागं केलं. "आलो," ती म्हणाली. त्याने बाहेर पाहिलं. धावपट्टी, गवत, एक लाल गाडी. "हं," तो म्हणाला.

लेक आणि दीर रुग्णवाहिका घेऊन आले होते. इमारतीच्या जिन्यावरून चौघांनी त्याला खुर्चीत बसवून वर नेलं. मधल्या मजल्यावर ते दम खायला थांबले तेव्हा दीर म्हणाला, "दादा, वजन तर काहीच नाही तुझं, आम्हीच म्हातारे झालो." त्याला हसू आलं, आणि या वेळी त्याचा खोकला झाला नाही.

तो घरी दोन महिन्यांहून थोडा अधिक जगला. लग्नानंतर इतके सलग दिवस ते दोघं एका घरात कधीच राहिले नव्हते. आणि खरं सांगायचं तर ते दिवस काही गोडीगुलाबीचे नव्हते. पलंगाची खिडकीकडची बाजू त्याला द्यावी लागली. तिचा रेडिओ त्याला मोठा वाटायचा. खाटेवरून तो तिला सूचना करायचा. दिव्याची वायर अशी का जोडलीस, डबे त्या फळीवर का ठेवलेस, गॅसचं बटण आधी बंद कर. खोकल्याची तिला सवय झाली, सूचनांची झाली नाही. एकदा ती वैतागून म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्याविना घराला आग नाही लागली." तो म्हणाला, "नशीब तुझं," आणि पुढच्या पाच मिनिटांत पुन्हा गॅसच्या बटणाकडे बघू लागला.

आठवड्यातून एकदा लंबूचा फोन यायचा. तेव्हा त्याच्या अंगात कुठून बळ यायचं कोण जाणे. कुठलं जहाज आलंय, तळाचं काम कोण करतंय, तो नवा पोरगा जोड नीट देतो का, मुकादमाची बदली झाली का. फोन संपला की तो उदास व्हायचा. तिकडचा सकाळचा भोंगा त्याला आठवायचा. इथे फारच शांत आहे, झोप येत नाही, म्हणायचा.

तिला ते लागलं. एके दिवशी औषध देताना ती म्हणालीच, "एवढा आटापिटा करून आणलं तुम्हाला, आणि तुमचा जीव तिकडेच."

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "अगं," तो म्हणाला, "मला तिथे मरायचं नव्हतं. पण जगलो तर तिथेच ना."

तिने औषधाची वाटी ठेवली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मग सांगा मला. भोंगा वाजल्यावर काय व्हायचं?"

त्याने सांगायला सुरुवात केली. एका वेळी चार-पाच वाक्यं, मग विसावा. फाटकापाशी रांग लागायची. चहाचा भलामोठा पिंप असायचा. जहाजाच्या पोटात उतरताना पहिल्यांदा थंड लागायचं आणि मग भट्टी व्हायची. तिथे बोललेलं घुमायचं, म्हणून कुणी गाणं म्हणायला लागलं की सगळे त्याला शिव्या द्यायचे. लंबू गायचा. पुढचे सगळे दिवस ती रोज दुपारी दुकान बंद करून वर यायची आणि त्याच्याकडून असं थोडं थोडं काढून घ्यायची. काही तो पुन्हा पुन्हा सांगायचा. काही विसरायचा. तिचं त्याच्यावर प्रेम होतं असं तिने कधी कुणाला म्हटलं नसतं, पण तो माणूस तिला त्या दुपारींमध्ये पहिल्यांदा भेटला, असं तिला वाटायचं. आणि तसं वाटलं की काळजाला घरं पडायची, कारण दिवस संपत चालले होते हे दोघांनाही दिसत होतं.

तो गेला तेही दुपारीच. लेक कामावर होती. तो मुकादमाची नक्कल करायला गेला, मधेच थांबला, आणि ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. विसावा घेत असेल असं तिला वाटलं. मग तिने त्याच्या छातीवर हात ठेवला.

संध्याकाळी दीर तिच्याशेजारी येऊन बसला. रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "वहिनी, तुम्ही आणलंत म्हणून घरी गेला तो."

तिने मान हलवली. तिला त्याक्षणी वेगळंच डाचत होतं. मुकादम त्या दिवशी नेमकं काय म्हणाला होता, ते अर्धंच राहिलं होतं. लंबूला ठाऊक असेल असं तिला वाटलं. तिने उठून फोन हातात घेतला. त्याला ही बातमी अजून कुणी दिली नव्हती, आणि ती तिलाच द्यावी लागणार होती.